शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाच्या बाई दारात, आणि लेक घरी शिकते. कायदा नेमकं काय म्हणतो? (कोल्हापूर)

कळंबेकरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, आज नाइलाजाने धागा काढला.

आम्ही कळंब्याकडे राहतो. थोरली लेक नऊ वर्षांची. दुसरीनंतर तिला शाळेतून काढलं. शाळेचं नाव घेणार नाही. रोज सकाळी सव्वासातला रिक्षाचा हॉर्न वाजला की हिच्या पोटात दुखायचं, रविवारी मात्र कधीच दुखलं नाही, यात काय ते समजा. दीड वर्ष झालं, घरीच शिकते. सकाळी दोन तास गणित आणि मराठी, दुपारी जे आवडेल ते वाचन, आठवड्यातून एकदा करवीर नगर वाचन मंदिर. गेल्या हंगामात ओळखीच्यांच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. काहिलीत रस किती लिटर आणि गूळ किती किलो उतरला, हे तिनं वहीत मांडलं आणि एकातून दुसरं वजा करून मोकळी झाली. लिटरातून किलो वजा होत नाहीत हे तिला तिथल्या गुळव्यानं समजावलं. मी नव्हे.

परवा दुपारी दोन शिक्षिका आल्या. हातात रजिस्टर, गळ्यात ओळखपत्र. "घरात सहा ते चौदा वयाचं कोण आहे? कुठल्या शाळेत?" मी खरं ते सांगितलं. बाई चांगल्या होत्या, पण त्यांचीच पंचाईत झाली. रकाने दोनच: कधीच शाळेत न गेलेली, आणि मध्येच शाळा सोडलेली. पुढे कारण लिहायचं: स्थलांतर, बालमजुरी, भावंडं सांभाळणं. "घरी शिकते" असं कुठंच नाही. पाणी प्याल्या, लेकीला सतराचा पाढा विचारला (आला), फोन नंबर घेतला आणि "वरिष्ठांना विचारते" म्हणून गेल्या.

आता घरात तेच चाललंय. मामंजी म्हणतात, "शाहू महाराजांच्या गावात पोर शाळेबाहेर ठेवता? नोटीस येईल." नवरा म्हणतो काही होत नाही. मला ठाम कुणीतरी सांगा. आपण बेकायदा वागतोय का?

नादखुळा_९

ताई घाबरायलाय कशाला! २०१२ सालीच केंद्र सरकारनं कोर्टात लिहून दिलंय, घरी शिकवलं तर चालतंय म्हणून. व्हॉट्सअपवर कागद हाय माझ्याकडं. त्यो दाखवा आन् चहा पाजून लावून द्या.

काळा_डगला

तो कागद दाखवू नका. कारण सांगतो, थोडं लांबेल.

दिल्ली उच्च न्यायालयात घरी शिकणाऱ्या एका मुलीच्या याचिकेत २०१२ मध्ये केंद्रानं प्रतिज्ञापत्र दिलं होतं, हे खरं. जे पालक आपणहून घरी शिकवतात त्यांच्या आड आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा येत नाही, असं त्यात होतं. पण पुढं केंद्रानंच त्या भूमिकेवरून घूमजाव केलं. तेव्हा व्हॉट्सअपवर फिरतो तो अर्धा कागद. ज्या अधिकाऱ्याला उरलेला अर्धा ठाऊक आहे त्याच्यासमोर तो काढलात तर हसं होईल.

आता कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या मागे घटनेचं कलम २१क. या कायद्यातलं कलम १० तुमच्याशी संबंधित आहे: सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य. कायद्यात 'शाळा' म्हणजे काय याची व्याख्या आहे, तिच्यात तुमचा स्वयंपाकघराचा ओटा बसत नाही. म्हणजे अक्षर धरलं तर मामंजी बरोबर.

पण गंमत अशी की हे कर्तव्य मोडलं तर पालकाला शिक्षा काय, यावर अख्ख्या कायद्यात एक ओळ नाही. ना दंड, ना कैद. आणि ते विसरून राहिलेलं नाही. कलम ८ मध्ये 'सक्तीचं' या शब्दाचा खुलासा दिलाय, त्यात सक्ती सरकारवर आहे: शाळा देणं, प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंत शिक्षण पुरं होईल हे पाहणं. मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला मात्र एक लाखापर्यंत दंड आहे, वर रोजचे दहा हजार. म्हणजे दंड लिहायचा तिथं लिहिलाय, पालकाच्या बाबतीत लिहिलेला नाही.

शिवाय २००२ च्या ज्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं २१क आलं, तिनंच ५१क(ट) हे कर्तव्य घातलं: पालकानं सहा ते चौदा वयाच्या मुलाला 'शिक्षणाच्या संधी' द्याव्यात. तिथं शाळा हा शब्द नाही. तुमच्या बाजूचा उत्तम मुद्दा हाच. विरुद्ध बाजूचाही सांगून ठेवतो. २०१२ च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरच्या घरी शिक्षणाचा पर्याय दिला. सरकारी वकील म्हणणार, बघा, ज्यांना द्यायचा त्यांना दिला, बाकीच्यांना नाही.

तात्पर्य नाही, स्थिती सांगतो: परवानगी नाही, शिक्षा नाही. तुम्ही फटीत उभ्या आहात.

नादखुळा_९

वकीलसाहेब, फटीत उभारल्यावर दार लागलं तर?

काळा_डगला

म्हणूनच बोटं सांभाळायची. :)

खडू_फळा

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. कळंबेकरीण ताई, तुमच्यावर माझा राग नाही. पण इथं सगळे पालकांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतात, तेव्हा मला माझं रजिस्टर आठवतं.

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया, लक्षात घ्या. तो दंड कुणासाठी होता? तुमच्यासारख्या घरी पुस्तकं असलेल्यांसाठी नव्हे. पोरगं गुरामागं पाहिजे, पोरगी चुलीपाशी पाहिजे, म्हणणाऱ्यांसाठी होता. आणि पोरानं अक्षर शिकूच नये अशी ज्या गावकऱ्यांची इच्छा होती, त्यांच्या तोंडावर सुद्धा होता.

ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या तेव्हा मी स्वतः सायकलवरून फडावर गेलोय. कोपीबाहेर अकरा वर्षांची पोरगी धाकट्याला काखेत घेऊन भाकरी थापत होती. बापाला विचारलं, शाळा? तो म्हणाला, "शिकतीया की घरात, स्वयंपाक." उद्या कायद्यानं घरशिक्षणाला सरसकट मोकळीक दिली तर हा बाप आणि तुम्ही एकाच रकान्यात येणार. तो रकाना कसा वेगळा करायचा, हे आधी सांगा. मग मी तुमच्या बाजूनं अर्जावर पहिली सही करतो.

कळंबेकरीण

गुरुजी, उत्तर द्यायला रात्रभर लागली. तुमचं पटलं, आणि त्याचाच त्रास झाला. मला ती पोरगी दिसली. पण मग माझ्या लेकीनं पोटदुखी घेऊन रिक्षात बसायचं ते त्या पोरीसाठी, हेही मला उमजत नाही.

तांबडा_पांढरा

वाद चालू द्या, मी कामाचं सांगतो. आमचा मुलगा सातवीपासून घरी, आता बारावी झाला. कुस्तीसाठी काढला होता, पहाटे चारला तालीम आणि सातला शाळा जमेना. (कुस्ती सुटली, शाळाही सुटली, पोरगं आता सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. असतंय.)

दहावीला तीन वाटा होत्या. एक, राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, खासगी विद्यार्थी म्हणून. इथं एक ग्यानबाची मेख आहे: त्याला किमान पाचवी पास असल्याचा कागद लागतो. ज्यांनी पोराला पहिल्यापासून शाळेत घातलंच नाही ते इथं अडकतात. दुसरी, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. ते पाचवी, आठवी, दहावी, बारावी असं घेतं. तिसरी, एनआयओएस, म्हणजे केंद्राची ओपन स्कूल, १९८९ पासूनची. लहान मुलांसाठी त्यांच्या अ, ब, क पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. दहावीला वय चौदा पाहिजे.

आम्ही एनआयओएस घेतलं. मराठीतूनही देता येतं. विषय पाच, परीक्षा वर्षातून दोनदा. एकाच बैठकीत सगळे पास व्हायची जबरदस्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी. शिवाय टीएमए म्हणून घरून लिहून द्यायचे स्वाध्याय असतात, त्यांना वीस टक्के गुण. पोरगं शेवटच्या रात्री लिहीत बसलेलं, ते काय शाळेतली पोरं करतात तेच. जेईई झाली, अडचण आली नाही.

बारकं काम सांगतो: वही ठेवा. तारीख घालून. आज काय वाचलं, काय सोडवलं. आमच्या तीन वर्षांच्या अकरा वह्या आहेत. कुणीही विचारायला आलं की त्या टेबलावर ठेवायच्या आणि गप्प बसायचं. बोलण्यापेक्षा ते बरं.

काळा_डगला

वरच्याला जोडून. परतीचं दार कलम ४ मध्ये आहे. शाळेत नसलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मागता येतो, आणि लागेल ते जादा शिकवणं शाळेचं काम. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. मात्र महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. आता सहावीत किंवा त्यापुढं वयानुरूप प्रवेश मागायचा तर पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते. १७ नंबरलाही पाचवी, इथंही पाचवी. ताई, तुमची लेक नऊची आहे. पाचवीच्या कागदाची सोय वेळेत करा.

दाखल्यांचा_दास

सेतू केंद्रात आठ वर्षं काढली, म्हणून बोलतो. शाळा सोडल्याचा दाखला हा महाराष्ट्रात नुसता शाळेचा कागद नाही. जन्मतारीख त्यावर, जात त्यावर. पणजोबाचा पहिलीचा दाखला शोधायला लोक गावोगावच्या शाळांची कपाटं उपसतात ते उगीच नाही, जात पडताळणीला तोच चालतो. घरी शिकणाऱ्या पोरीचा जातीचा दाखला बापाच्या, आजोबाच्या कागदांवर निघतो, पण खेपा जास्त. ताई, दुसरीपर्यंत शाळेत होती ना? तो दाखला उचलला का? नसेल तर आधी तो उचला. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, बाबांनो.

कळंबेकरीण

उचलला आहे. आणि लॅमिनेटही केला आहे. :(

चुलीवरची_मिसळ

आमच्या राजारामपुरीत असे सहा-सात पालक आहोत. एक फ्लॅट भाड्याने घेऊन, दोन शिक्षिका ठेवून सगळी मुलं एकत्र शिकवावी असं डोक्यात आहे. ताई, तुम्हीही या.

काळा_डगला

थांबा. फ्लॅट, पगारी शिक्षिका, ठरलेली वेळ, महिन्याची फी, वर दारावर काहीतरी 'लर्निंग सेंटर' अशी पाटी. हे मान्यता नसलेली शाळा म्हणून कलम १८ मध्ये ओढलं जाऊ शकतं, आणि तिथं दंड आहे, वर सांगितलाच. घरी शिकवणाऱ्या एकट्या आईपेक्षा तुम्ही जास्त उघड्यावर आहात. आठवड्यातून एकदा मुलं घेऊन टाऊन हॉलच्या संग्रहालयात जा, रंकाळ्यावर पक्षी मोजा, एकमेकांच्या घरी जा. शाळेसारखं दिसणारं काही उभं करू नका.

पायताण

माझा प्रश्न वेगळा. आमचं चपलांचं काम आहे, तीन पिढ्यांचं. पोरगा दहा वर्षांचा, शाळेत जातो पण आता यांच्यासारखं घरी शिकवावं असं बायको म्हणते. तो वेणी गुंफायला शिकलाय, माझ्यापेक्षा सफाई हाय हाताला. ते शिक्षण धरायचं का नाही?

काळा_डगला

शिक्षण आहेच. पण जपून. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलानं घरच्या धंद्यात हात लावला तर चालतो, अट अशी की शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नको. शाळाच नसेल तर 'शाळेची वेळ' कुठली? उद्या निरीक्षक आला आणि पोरगं सकाळी अकराला चामड्यावर बसलेलं दिसलं, तर तुमचं घरशिक्षण त्याला मजुरी दिसेल.

पायताण

म्हणजे इंजिनिअरच्या पोरानं घरात रोबोट केला तर प्रकल्प, आन् माझ्या पोरानं चप्पल केली तर केस.

खडू_फळा

पायताण दादा, हे वाक्य मला झोपू देणार नाही. पण पोराला शाळेतून काढू नका. वेणी सुट्टीत गुंफू दे.

राईनकाठचा

जर्मनीतून डोकावतोय. इथं घरशिक्षणाला जवळपास पूर्ण बंदी आहे. धार्मिक कारणावरून एक कुटुंब युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं होतं, २००६ मध्ये तिथंही हरलं. समाजात वेगळी बेटं नकोत, मुलांनी इतरांत मिसळावं, हा इथला युक्तिवाद. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवलं की भागायचं, २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. तेव्हा 'परदेशात सगळीकडे चालतं' असं कुणी सांगू नका.

जर्सीतली_आत्या

आमच्याकडे उलट. अमेरिकेत सगळ्या राज्यांत चालतं, पण प्रत्येकाचं वेगळं. आमच्या न्यू जर्सीच्या कायद्यात मुलाला शाळेत पाठवा 'किंवा शाळेबाहेर अन्यत्र समकक्ष शिक्षण द्या' अशा अर्थाचे शब्द आहेत. त्या 'अन्यत्र'वर सगळं उभं आहे, कुणाला कळवायचीही गरज नाही. नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलं की वर्षाचा आराखडा द्या, तिमाही अहवाल द्या, वर्षाअखेरीस मूल्यमापन द्या. माझी नणंद तिकडं करते, तिचा निम्मा वेळ कागद भरण्यात जातो. पण खरं सांगू का, तिच्या मुलांचं अक्षर माझ्या मुलांपेक्षा बरं आहे.

काळा_डगला

आत्याबाईंनी नेमकं बोट ठेवलं. आपल्या कलम १० ला 'किंवा अन्यत्र' एवढे दोन शब्द हवेत. मागायचं तर ते मागावं. 'स्वशिक्षण' म्हणून घरशिक्षण करणाऱ्यांची संघटना देशात आहे, तिच्याशी जोडून घ्या. आणि उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसतंय, मुंबईच्या खेपा वाचल्या. पण इतक्यात तिकडं पळू नका. उलटा निकाल लागला तर आज जी फट आहे तीही बुजेल, आणि तुमच्या एकटीची नव्हे.

खडू_फळा

'अन्यत्र' द्या. पण वर्षातून एकदा पोर कुणाला तरी दिसलं पाहिजे. परीक्षा नको, मार्क नकोत. केंद्रप्रमुखानं किंवा जवळच्या शाळेतल्या बाईंनी तासभर पोराशी गप्पा माराव्यात, वही चाळावी, बस्स. भाकरी थापणारी पोरगी त्या तासात सापडेल. वही असलेली पोरगी त्या तासात सुटेल. हा माझा रकाना.

तांबडा_पांढरा

गुरुजी, तुमच्यासारखे येणार असतील तर रोज या. पण जो येईल त्याला खाली टार्गेट असणार. पोर शाळेत घातलं की त्याचा आकडा वाढतो, घरी ठेवलं की कमी होतो. तो तासभर गप्पा मारेल?

कळंबेकरीण

अपडेट. बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, सोपं करू या. आमच्या शाळेत नाव टाका. पट कमी आहे, एक शिक्षक जास्त ठरायला आलाय. मुलगी घरीच शिकू दे, हजेरीचं आम्ही बघतो. पाचवीचा कागदही मिळेल." सगळे प्रश्न एका फोनमध्ये सुटले. आणि मला काही बरं वाटेना. काय करू?

खडू_फळा

अजिबात नको! ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती. एकाच दिवशी एकच पोरं दोन शाळांत दिसू नयेत म्हणून बोटाला शाई लावली होती. तेव्हा खोटी नावं किती सापडली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुमची लेक त्या यादीत कशाला?

काळा_डगला

गुरुजींशी सहमत, कारण माझं रुक्ष. आज तुम्ही कायद्याच्या फटीत आहात, उद्या खोट्या नोंदीत असाल. पहिल्याला शिक्षा लिहिलेली नाही. दुसऱ्याचं मी सांगू शकत नाही. त्यापेक्षा मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: मुलीचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, घरी काय शिकते, पुढं कुठल्या मंडळाची परीक्षा देणार. 'परवानगी मिळावी' असं लिहू नका, 'माहितीसाठी सादर' लिहा. दोन प्रती, एकीवर पोच.

कळंबेकरीण

पत्र देऊन आले, लेकीला घेऊनच. बाई शाळेत होत्या, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल ताई, पण माझा शिक्षक जाणार." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेक तेवढ्यात मैदानात लंगडी खेळणाऱ्या मुलींत घुसली होती, तिला ओढून आणावं लागलं. "शनिवारी येऊ का खेळायला?" असं तिनं बाईंनाच विचारलं. त्या हो म्हणाल्या.

ऑफिसात क्लार्कनं पत्र दोनदा वाचलं. आवक रजिस्टर उघडलं. "विषय काय लिहू?" मी म्हटलं, घरशिक्षण. त्यांनी पेन उचललं, थांबले, मागची तीन पानं चाळली, असा विषय कुठं सापडला नाही. मग 'किरकोळ' लिहिलं आणि शिक्का मारून दिला.

नादखुळा_९

किरकोळ तर किरकोळ! शिक्का गोल हाय न्हवं?

कळंबेकरीण

गोलच आहे. तारीख तेवढी कालची पडली आहे.

दाखल्यांचा_दास

असू दे. लॅमिनेट करू नका.